पट्ट्याची राखण

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या डाव्या तीरावर बजबज नावाचे गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते प्रामुख्याने तीन प्रसंगांनी भेटते. १७५६ च्या अखेरीस कलकत्ता परत घेण्यासाठी निघालेल्या क्लाइव्हच्या फौजेने वाटेत येथील नवाबाचा किल्ला काबीज केला. १८९७ च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य देशांच्या प्रवासाहून परतलेले स्वामी विवेकानंद बंगालच्या भूमीवर उतरले ते येथेच. आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी, कॅनडाने दारातूनच परतविलेल्या ‘कोमागाता मारू’ या जहाजातील प्रवाशांवर येथील रेल्वे स्थानकाजवळ गोळ्या झाडण्यात आल्या. या तीन तारखांच्या दरम्यान बजबजचा आणखी एक इतिहास घडत होता. त्याला सनावळी नाही, लढाई नाही आणि पुतळाही नाही. तो तेथील तागाच्या गिरण्यांचा, आणि त्या गिरण्या चालविणाऱ्या एका साध्या वस्तूचा, म्हणजे पट्ट्याचा इतिहास होय.

आज बजबजच्या रस्त्यावर एखादी मोटार कडेला थांबते, तिच्या पुढच्या भागातून वाफ निघू लागते आणि चालक बॉनेट उघडून पाहतो, तेव्हा पुष्कळदा दोष निघतो तो अशाच एका पट्ट्याचा. तो झिजला, तुटला किंवा ढिला पडला, की उत्तम इंजिन असूनही गाडी जागची हलत नाही. गिरणीचा पट्टा आणि मोटारीचा पट्टा ही एकाच कुळातील दोन भावंडे आहेत. त्यांची तपासणी कशी होत आली, ते कोण बदलीत आले आणि त्यापायी कोणी काय गमावले, हे पाहू गेल्यास यंत्रयुगाचा बराचसा स्वभाव उलगडतो.

पट्ट्याचे काम एका वाक्यात सांगता येईल. एका चाकाची गती दूरच्या दुसऱ्या चाकास नेऊन पोहोचविणे, हे ते काम. दात्यांची चाके एकमेकांना भिडावी लागतात. पट्टा मात्र दोन चाकांमधील अंतर मान्य करून त्यांना जोडतो. मोठ्या चाकावरून लहान चाकावर गेला, की वेग वाढतो. उलट गेला, की वेग घटून जोर वाढतो. आठाच्या आकड्याप्रमाणे तिढा दिला, की फिरण्याची दिशाच उलटते. भारतीय मनुष्यास ही कल्पना परकी नव्हती. चरख्याच्या मोठ्या चाकावरून चातीपर्यंत जाणारी दोरी हा पट्टाच आहे. चरख्याचा आपल्याकडील जुना नि स्पष्ट वाङ्मयीन उल्लेख इसामी या कवीच्या १३५० साली रचलेल्या फारसी काव्यात सापडतो. हा इसामी दिल्लीहून दौलताबादेस आणला गेलेला, आणि बहमनी राज्याच्या आश्रयास राहिलेला. म्हणजे पट्ट्याच्या भारतीय इतिहासाचे एक टोक महाराष्ट्राच्या भूमीशी बांधलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

चरख्याची दोरी तुटली तर कातणारी बाई ती तेथल्या तेथे गाठ मारून पुन्हा चढवी. चाक तिच्याच हाताने फिरत असल्याने ते थांबविणेही तिच्याच हाती होते. पट्ट्याच्या पुढील इतिहासात हीच गोष्ट पालटली. चाक फिरविणारा एक, ते थांबविण्याचा अधिकार असणारा दुसरा आणि पट्ट्याला हात लावणारा तिसरा, अशी विभागणी झाली. सारा अनर्थ या विभागणीत होता.

प्रारंभीच्या कारखान्यांत मुख्य चाकाची शक्ती लोखंडी आस आणि दातेरी चाके यांच्या द्वारे वाटली जाई. १८२८ साली अमेरिकेतील लोवेल येथे पॉल मूडी या यंत्रज्ञाने एका कापडगिरणीत त्यांऐवजी चामड्याचे रुंद पट्टे वापरले. ते कमी आवाज करीत, दुरुस्तीस सोपे असत, आणि एखादे यंत्र अडकले तर पट्टा घसरून मोठी मोडतोड टळे. पुढे ही पद्धत सर्वत्र पसरली. बजबजच्या समोर, हुगळीच्या पलीकडच्या तीरावर बावडिया येथे १८१८ च्या सुमारास भारतातील पहिली सूतगिरणी उभी राहिली होती, आणि नदीच्या वरच्या अंगास रिश्रा येथे १८५५ साली पहिली ताग कातणारी गिरणी सुरू झाली. १८७० नंतरच्या दशकात तागगिरण्यांची जी लाट आली तिच्यात बजबजच्या काठावरही धुराडी उभी राहिली. पुढे तेथे राकेलची कोठारे आली, १८९० साली रेल्वे आली, आणि भाताच्या शेतांमधले हे गाव औद्योगिक वस्ती बनले.

अशा गिरणीत शिरणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम यंत्रे पडत नसत. पडत ते पट्टे. एका बाजूस वाफेचे प्रचंड इंजिन असे. त्याच्या मुख्य चाकावरून सुताचे जाड दोर निघून गिरणीच्या निरनिराळ्या खात्यांत जात. प्रत्येक खात्यात छपराजवळून लांबच लांब लोखंडी आस धावत असे. त्या आसावर ठराविक अंतराने चाके बसविलेली असत, आणि प्रत्येक चाकावरून एकेक पट्टा खालच्या यंत्राकडे उतरलेला असे. धुळीने आणि तागाच्या तंतूंनी धुरकटलेल्या हवेत शेकडो पट्टे एकाच वेळी वरखाली सळसळत. महाराष्ट्रातील ज्यांनी गावच्या पिठाच्या गिरणीत एकच पट्टा फटफटताना पाहिला आहे, त्यांनी तो शेकडोंनी गुणून पाहावा, म्हणजे त्या दृश्याची थोडीफार कल्पना येईल.

या व्यवस्थेत पुष्कळ चातुर्य होते. पट्टा चाकावरून घसरू नये म्हणून चाकाला कडा लावण्याऐवजी त्याचा मध्यभाग किंचित फुगीर ठेवीत. फिरता पट्टा स्वभावतः सर्वांत उंच भागाकडे सरकतो, त्यामुळे तो आपोआप मध्यावर येऊन राही. एखादे यंत्र थांबवावयाचे तर मुख्य आस थांबविण्याचे कारण नसे. यंत्राच्या दांड्यावर दोन चाके शेजारी शेजारी असत. एक दांड्याला घट्ट बसविलेले, दुसरे मोकळे. दांडीने पट्टा मोकळ्या चाकावर ढकलला की यंत्र थांबे आणि पट्टा मात्र रिकामा फिरत राही.

परंतु पट्टा हा सजीवाच्या कातड्याचा, आणि बंगालची हवा दमट. पावसाळ्यात चामडे ओलावा शोषून सैल पडे आणि उन्हाळ्यात आकसे. म्हणून कापसाचे, उंटाच्या केसांचे आणि बलाटा नावाच्या चिकाने माखलेले पट्टेही प्रचारात आले. तरीही राखण चुकली नाही. पट्टा घसरू लागला की त्यावर राळ टाकावयाची. लांबला की त्याचा तुकडा काढून टोके चामड्याच्या वादीने पुन्हा शिवावयाची. शिवण उसवू लागली आहे काय, कडा फाटू लागली आहे काय, हे रोज पाहावयाचे. आणि चाकावरून उतरलेला पट्टा पुन्हा चढवावयाचा. यांपैकी शेवटचे काम सर्वांत जोखमीचे. एका पट्ट्यासाठी मुख्य आस थांबविला तर त्याच्यावरची सारी यंत्रे थांबत आणि तेवढा वेळ उत्पादन बुडे. म्हणून आस फिरताच ठेवीत आणि माणूस शिडीवर चढे. धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही किंवा हाताचे बोट पट्टा आणि चाक यांच्यामध्ये सापडले तर ते सोडविण्यास अवधीच नसे. १८९० नंतरच्या दशकात हुगळीकाठच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्यास्तानंतरही लांबला. थकलेल्या डोळ्यांनी आणि हातांनी करावयाच्या या कामाचा धोका त्याबरोबर वाढला, हे वेगळे सांगावयास नको.

यंत्राच्या या धोक्याची सरकारदरबारी दखल प्रथम मुंबईत घेतली गेली. १८७५ साली तेथे गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्यासाठी चळवळ चालविली, आणि १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० नंतर मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या संघटितपणे मांडल्या, त्या या कायद्याच्या उणिवा जाणवल्यामुळेच. शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर वा अधिक माणसे राबणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. त्यात मुलांच्या कामाचे तास ठरविले गेले आणि धोकादायक यंत्रांभोवती कठडे घालण्याची अट घातली गेली. कठडा ही पट्ट्याच्या इतिहासातील मोठी पायरी होती. पट्ट्यापाशी माणूस जाणारच, तर निदान चुकून जाऊ नये, एवढे त्याने साधले.

जाणूनबुजून पाठविलेल्या माणसाचे काय, या प्रश्नाला उत्तर मिळावयास आणखी बरीच वर्षे लागली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १९२४ च्या जुलैपासून तो अंमलात आला. त्याला जोडलेल्या परिशिष्टात मनुष्याच्या कमाईच्या शक्तीचा अवयववार हिशेब मांडलेला होता. उजवा हात कोपरापासून वा त्यावर तुटल्यास शेकडा ७०, डावा तुटल्यास ६०. अंगठा गेल्यास २५. तर्जनी गेल्यास १०. दुसरे कोणतेही बोट गेल्यास ५. हा हिशेब वाचताना मन कचरते खरे, परंतु त्याआधीच्या काळात बोटाला कसलीच किंमत नव्हती, हेही विसरता येत नाही. जखमी हाताची किंमत मालकाच्या खतावणीत चढू लागली, तेव्हाच पट्टा थांबविण्याचा खर्च त्याला स्वस्त वाटण्याची शक्यता निर्माण झाली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याचे बाविसावे कलम आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या वाचल्या, तर जुन्या गिरणीतील ती शिडी डोळ्यांपुढे उभी राहते. चालू यंत्राच्या पट्ट्याला हात लावावयाचा तर तो खास शिक्षण दिलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच लावावा. त्याचे नाव नोंदवहीत असावे. त्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट असावेत आणि ते मालकाने पुरवावेत. पट्टा पंधरा सेंटीमीटरांहून अधिक रुंद नसावा. त्याची जोड वादीने शिवलेली किंवा पट्ट्याशी सपाट असावी. पट्टा आणि चाकाची कड सुस्थितीत असावी. पाय रोवण्यास भक्कम जागा असावी, आणि शिडी असल्यास ती बांधलेली असावी किंवा दुसऱ्या माणसाने धरलेली असावी. वापरात नसलेला पट्टा फिरत्या आसावर लोंबकळत ठेवू नये, असे आणखी एका कलमात सांगितले आहे. कायद्याची भाषा सहसा रुक्ष समजली जाते. पण या कलमातील प्रत्येक अटीमागे एकेका जातीचा अपघात उभा आहे. जोड सपाट असावी असे कायदा सांगतो, कारण उंचवट्याच्या जोडीत बाही अडकत असे. शिडी धरावयास दुसरा माणूस हवा, कारण एकट्याची शिडी सरकत असे. पुढे २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार सुरक्षेच्या संहितेत हा कायदा सामावला गेला.

कायद्यापेक्षाही या धोक्याला निकालात काढले ते विजेने. १९१५ साली खोपोलीची जलविद्युत् मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, आणि पुढील दशकांत देशभर प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसविण्याची पद्धत रूढ होत गेली. छपराजवळचा आस गेला, त्याच्याबरोबर लोंबते पट्टेही गेले. एका पट्ट्यासाठी सारे खाते थांबविण्याचा प्रश्नच उरला नाही.

गिरणीतून पट्टा उतरला आणि मोटारीत जाऊन बसला. सपाट पट्ट्याला लांब अंतर आणि मोठी चाके लागतात. मोटारीच्या पुढच्या भागात दोन्हींना जागा नाही. अमेरिकेतील डेनव्हर येथे जॉन गेट्स यांनी १९१७ साली पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा तयार केला, त्याने ही अडचण दूर केली. हा पट्टा चाकाच्या खाचेत दोन्ही बाजूंनी घट्ट रुतून बसतो. ताण वाढला की अधिक रुततो, म्हणून लहान चाकावरही घसरत नाही. त्याचा तळ मात्र खाचेच्या बुडाला टेकता कामा नये. तो टेकू लागला, तर पट्टा झिजून अरुंद झाला असे समजावे.

या नव्या पट्ट्याचाही हुगळीशी संबंध जडला. नदीच्या वरच्या अंगास साहागंज येथे १९३६ साली डनलॉप कंपनीचा टायरचा कारखाना निघाला. तेथे पट्टेही तयार होत. उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना उभा राहिला, आणि १९५७ च्या सुमारापासून २०१४ पर्यंत तेथून अँबॅसडर गाडी बाहेर पडत राहिली. इकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली. या पिढीच्या गाड्यांत बाहेरून दिसणारा पट्टा एकच असे. लोक त्याला फॅनबेल्ट म्हणत. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून तो पाण्याच्या पंपाला व पंख्याला फिरवी, आणि त्याच फेऱ्यात डायनॅमोलाही. त्यामुळे पट्टा ढिला झाला तर एकाच वेळी दोन दुखणी उद्भवत. पाणी उकळू लागे आणि बॅटरी भरेनाशी होई. चालकापुढचा लाल दिवा पेटलेलाच राहिला, तर जाणता मिस्त्री आधी पट्टा पाही आणि मग डायनॅमो.

ही तपासणी कोणासही करता येण्याजोगी होती. तिचा पहिला नियम असा, की इंजिन बंद करून चावी काढून घ्यावयाची आणि ते थंड होऊ द्यावयाचे. मग पट्ट्याची आतली बाजू उलटून पाहावयाची. आडव्या भेगा, उसवलेले धागे, काचेसारखी चकाकी किंवा तेलाचा डाग दिसला तर पट्टा बदलणे श्रेयस्कर. चकाकी ही घसरण्याची खूण आहे, आणि तेल रबराला कुजविते. त्यानंतर दोन चाकांमधील सर्वांत लांब भागावर मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावयाचे. तो साधारण अर्धा इंच दबावा. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते. फार सैल असेल तर घसरेल, आणि फार ताणलेला असेल तर पंपाच्या व डायनॅमोच्या बेअरिंगांना खाईल. बदलण्यासाठी डायनॅमोचे बोल्ट सैल करून तो इंजिनाकडे ढकलावयाचा, जुना पट्टा उतरवून नवा पंख्याच्या पात्यांवरून एकेक करून आत घ्यावयाचा, तो खाचांत बसवून डायनॅमो बाहेर ओढावयाचा आणि बोल्ट आवळावयाचे. पुष्कळ लोक येथे उतावीळ होऊन पट्टा पेचकसाने चाकावर चढवीत. त्याने आतले धागे तुटत, वरून काही दिसत नसे, आणि पट्टा थोड्याच दिवसांत दगा देई. नवा पट्टा प्रारंभी थोडा ताणतो, म्हणून काही अंतर गेल्यावर ताण पुन्हा पाहणे अगत्याचे.

पुढे पट्टा पुन्हा बदलला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अनेक गाड्यांत एकच रुंद, उभ्या रेघांचा पट्टा सर्व उपयंत्रांवरून नागमोडी फिरू लागला, आणि त्याचा ताण स्प्रिंगवरचे चाक आपणच राखू लागले. इंजिनाच्या झडपा उघडमिटविणाऱ्या दांड्यालाही काही गाड्यांत साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा आला. पश्चिम जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२ साली तो बाजारी गाडीत बसविला. १९८३ साली भारतात अवतरलेल्या मारुती ८०० गाडीतही तो होता. हा पट्टा आवरणाखाली झाकलेला असतो. त्याचा दात सरकला तर झडपांची वेळ चुकते, आणि काही इंजिनांत वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळून इंजिनच निकामी होते. म्हणून तो तुटण्याची वाट पाहावयाची नसते. बनविणाऱ्याने सांगितलेली वर्षे किंवा किलोमीटर भरले की तो धडधाकट दिसला तरी बदलावयाचा असतो.

रबरही बदलले. १९९० नंतरच्या दशकापासून जे नवे कृत्रिम रबर वापरात आले त्याला सहसा भेगा पडत नाहीत. ते टायरप्रमाणे हळूहळू झिजते, आणि खाचांची खोली मापकाने मोजल्यावाचून झीज कळत नाही. भेगा मोजणारा जुना डोळा येथे फसतो. पट्टा दिसावयास चांगला असतो आणि आतून संपलेला असतो. चरख्याच्या दोरीपासून येथपर्यंत तपासणीचा सारा प्रवास असा झाला आहे. प्रथम ती हाताने होई, मग डोळ्याने, आणि आता ती नोंदवहीने होते.

बजबजला आता विजेचे मोठे केंद्र आहे. १९९७ पासून तेथे वीज तयार होऊ लागली आणि त्याची क्षमता ७५० मेगावॉट आहे. ज्या विजेने गिरण्यांतील पट्टे उतरविले तिच्या केंद्रात कोळसा भट्टीकडे जातो, तो पुन्हा लांबच लांब पट्ट्यांवरूनच. पट्टा नाहीसा झालेला नाही, आणि होणारही नाही.

त्याच्या इतिहासाचे सार मात्र पट्ट्यात नसून थांबण्यात आहे. गिरणीतल्या माणसाचा हात पट्ट्याने नेला असे आपण म्हणतो; खरे पाहता तो नेला यंत्र न थांबविण्याच्या हिशेबाने. थांबविण्याचा तोटा मालकाचा होता आणि न थांबविण्याचा धोका मजुराचा, म्हणून आस फिरत राहिला. ही दोन्ही पारडी एका तराजूत आणण्यासाठी कायद्याला कित्येक दशके झटावे लागले. मोटारीच्या बाबतीत मालक, चालक आणि संकटात सापडणारा प्रवासी बहुधा एकच असतो. थांबण्याचा तोटा एका दुपारचा, आणि अधिकार सर्वस्वी त्याचा स्वतःचा. असे असूनही वाटेत वाफ निघेपर्यंत पट्ट्याची आठवण न होणारे पुष्कळ. ज्या एका गोष्टीसाठी बजबजच्या शिडीवरील माणसाने आपले बोट पणाला लावले, ती गोष्ट, म्हणजे चाक थांबवून शांतपणे पट्टा पाहण्याची मुभा, आज प्रत्येक मोटारवाल्याला फुकट मिळालेली आहे. ती वापरणे एवढेच त्याच्याकडे उरते.